पांगाऱ्याच्या खुंट्या

ता. ९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. शाळांच्या हजेरीपटांचं काम होतं, बाराशे नग, आणि जिला शिवणीवर घेतलं होतं तिने आठव्या दिवशी न सांगता काम सोडलं. मग काय, शिवण मीच, खळ मीच, पुठ्ठे मीच आणि गठ्ठे बांधून हातगाडीवर चढवणारीही मीच. काल शेवटची खेप गेली. आज सकाळी उठले तर करायला काही नव्हतं, त्याचाच त्रास व्हायला लागला. तू मला मुंगी म्हणतोस ते काही उगीच नाही.

पांगारे पानं टाकायला लागले आहेत. रस्त्याकडचा पहिला आधी, मग दुसरा, असे ओळीने. सातवा अजून हिरवा आहे. रोज टोपलीभर झाडून काढते. महिन्याभरात पानं संपतील, नुसत्या काटेरी फांद्यांवर लाल तुरे येतील, आणि मग साळुंक्यांचा नि कावळ्यांचा असा गोंधळ सुरू होईल की कटिंग मशीनचा आवाजसुद्धा ऐकू येणार नाही. चौतीस वर्षांपूर्वी तू हद्दीच्या खुंट्या ठोकून गेलास आणि त्यांना पालवी फुटली, ही गोष्ट मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. जमीन मोजणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या खुंट्यांना फुलं आली आहेत, सांग.

आता कामाचं. शेजारच्या मास्तरांना जाऊन वर्ष होऊन गेलं. मास्तरीणबाईंना एवढी जागा आता झेपत नाही, म्हणून मागचा अर्धा भाग विकून त्या पुढच्या दोन खोल्यांत राहणार आहेत. एक डॉक्टर दवाखान्यासाठी घ्यायला तयार आहे. त्याने येऊन टेप लावली तर जागेची रुंदी कागदावरच्यापेक्षा आठ फूट कमी भरली. आठ फूट म्हणजे काय रुमाल आहे हरवायला? पूर्ण रुंदी असेल तरच घेईन म्हणतो. मास्तरीणबाईंच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला सुताराचा कारखाना. माझ्या बाजूची रेषा माझ्या भावाने आखलेली आहे, तिथे सूतभर फरक असायचा नाही, हे मी त्यांना ठासून सांगितलं आणि त्यांनाही ते पटलं. मग उरला सुतार. चार वर्षांपूर्वी त्याने भिंत बांधली तेव्हाच हात मारला असणार, असं आमचं दोघींचं मत पडलं.

मोजणी कार्यालयात अर्ज दिला आहे. रस्ता रुंद केला तेव्हा कोपऱ्याचा मूळ दगड उखडला गेला. आमच्या कागदांवर नुसती रुंदी आहे, ती कुठून धरायची ते नाही. तिथले साहेब म्हणाले की ही सात झाडं हीच एक जुनी खूण उरली आहे. ज्याने खुंट्या ठोकल्या तो मोजणीदार हयात असेल तर त्याचं लेखी निवेदन आणा, तिथून मोजू, आणि सुताराची भिंत पुढे आली असेल तर पाडायला लावू. तेव्हा चार ओळी लिहून पाठव. सही मोठी कर. स्वतः आलास तर फारच उत्तम, पण एकोणीस वर्षांत तू माझ्या दारात पाऊल टाकलं नाहीस, आता सुतारासाठी येशील अशी आशा धरत नाही.

वहिनींना नमस्कार सांग. थंडी आहे, कानाला बांधत जा. कळावे, लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी,
मुंगी


ता. १८ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बाराशे हजेरीपट एकटीने म्हणजे तुझी कमाल आहे, पण आता पाठीला जप. पाठ काही पुन्हा बांधून मिळत नाही.

इकडे सगळं ठीक. माझा डावा गुडघा आणि तुझी वहिनी, दोघंही रोज कुरकुरतात. गुडघ्याला निदान तेल लावता येतं. समोरच्या घराला नवीन फाटक बसवलं, ते उजवीकडे पाऊण इंच खाली आहे. मी जाऊन मालकाला सांगितलं. तो म्हणाला की फाटक उघडतं आणि बंद होतं, मग झालं. अशा माणसाशी काय बोलायचं? मी हल्ली त्या बाजूच्या खिडकीत बसत नाही.

निवेदनाचं बघतो. जुनी गोष्ट आहे, घाईने लिहिण्यात अर्थ नाही. तोवर मला दोन-चार गोष्टी कळव. बाइंडिंगच्या खोलीची भिंत झाडांपासून किती अंतरावर आहे? कटिंग मशीन अजून त्याच भिंतीला आहे का? त्याचा पाया किती खोल घेतला होता? खोलीची आतली रुंदी किती? आणि रस्त्यापलीकडची विहीर बुजवली की आहे? सहजच विचारतो. रिकामपणी असलं काहीतरी डोक्यात येत राहतं.

सुताराला एवढ्यात काही बोलू नका. भिंत काही पळून जात नाही.

अधिक काय लिहू. उत्तर लवकर धाड, वाट पाहतो आहे. माया आहेच.

तुझा,
दादा

ता. क. टेप ढिली सोडू नकोस, ताणून धर.


ता. २७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चार ओळी मागितल्या तर तू मलाच प्रश्नपत्रिका पाठवलीस. घे उत्तरं. भिंत खोडांपासून दीड फुटावर आहे. मशीन तिथेच, कारण उजेड त्या खिडकीतून येतो. पाया कमरेएवढा खोल. तो खणताना गवंड्याने मला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या असतील. खोली आतून चौदा फूट रुंद. विहीर आहे, वर जाळी बसवली आहे. टेप ताणून धरली होती. पास की नापास ते कळव.

खोलीबद्दल एवढं कुतूहल आहे तर आणखी सांगते. हे गेले तेव्हा पोरगी दहा वर्षांची होती. तिचं शिक्षण, तिचं लग्न, माझं दोन वेळचं जेवण, सगळं या चौदा फुटांतून निघालं. आता ती मला तिच्याकडे राहायला बोलावते. मी तिथे जाऊन काय करू, नातवंडांच्या फाटक्या पुस्तकांना पाठी लावत बसू? मशीन बंद पडलं की मी बंद पडेन, हे तिला मी स्पष्ट सांगून टाकलं आहे.

सुताराचं मात्र तू म्हणतोस तसं थांबलं नाही. बातमी फुटलीच. फुटली कसली, मीच दुधाच्या दुकानात बोलून बसले. आता गल्लीत लोक त्याला जमीनचोर म्हणतात. दोन गिऱ्हाइकांनी दरवाजांची कामं दुसरीकडे नेली. परवा तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला की ताई, मी मास्तरांना शेजारी उभं करून दोरी लावली होती, मास्तरांनी स्वतः खडूने खूण केली होती, आता मास्तर नाहीत तर माझी साक्ष कोण देणार? मी म्हटलं की माझ्या भावाचं पत्र येतंय, त्यात जे असेल ते खरं. त्याने मान हलवली आणि गेला. दादा, तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. तुझी रेषाही खोटी नाही. मग आठ फूट गेले कुठे? माझं डोकं भणभणलं आहे. तू लिही म्हणजे एकदाचा हा घोळ मिटेल.

आणखी एक. फुलं यायला लागली की दर वर्षी मी तुला ये म्हणून लिहिते आणि दर वर्षी तुझं काहीतरी निघतं. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी रंगकाम. तुझ्या घराला इतक्या वेळा रंग लागलाय की खोल्या लहान झाल्या असतील. माझं काही चुकलं असेल तर एकदा लिहून टाक.

कळावे. रागाने लिहिलं असलं तरी लोभाने वाच.

तुझी,
मुंगी


ता. ३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तरात त्याचा उल्लेख नको. तुम्ही यांना असं काय लिहिलंत? घरात माणूस आहे की पिंजऱ्यातलं जनावर, तेच कळेनासं झालं आहे. माळ्यावरची ट्रंक एकट्याने खाली काढली, मला हात लावू दिला नाही, आणि नोकरीतल्या सगळ्या टिपणवह्या पलंगभर पसरल्या. मी बसायचं कुठे असं विचारलं तर ऐकूच गेलं नाही. त्यातली एक वही हवी ती सापडली म्हणायची, कारण तेव्हापासून ती काखेतून सुटत नाही.

दिवसभर गच्चीवर फेऱ्या चालतात. खालच्या बिऱ्हाडातल्या बाई येऊन विचारून गेल्या की वर काही मशीन बसवलंय का. मी पाहायला गेले तर आठ फूट मोजून दोन विटा मांडल्या होत्या आणि हे एका विटेपासून दुसऱ्या विटेपर्यंत जात होते, वळत होते, परत येत होते. गुडघ्याचं म्हणाल तर त्याचा या दिवसांत नामोल्लेखही नाही.

तीनदा पत्र लिहून टपालात टाकायला गेले आणि तीनदा तसंच खिशात घेऊन परत आले. परवा जेवताना म्हणाले की अख्ख्या नोकरीत मी लोकांना सूतभरासाठी रडवलं. मी म्हटलं, मग त्यात काय, कामच होतं ते तुमचं. तर ताट सारून उठले. बेचाळीस वर्षांत या माणसाने ताट सारलेलं मी पाहिलं नाही, आणि तेही माझ्या हातचं जेवून.

तुम्हा भावाबहिणींत काय आहे ते मला कधी कळलं नाही. तुमच्याकडे जाऊ म्हटलं की हे विषय बदलतात, मी एकटी जाते म्हटलं तर तेही नको. मी विचारायचं सोडून दिलं होतं. आता मात्र मला भीती वाटायला लागली आहे, म्हणून विचारते. चार शब्द लिहून माझ्या जिवाला स्वस्थता द्या.

मुलीला आशीर्वाद. आपली माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
वहिनी


ता. ९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत निवेदन पाठवत आहे. कार्यालयात देण्यास हरकत नाही. मजकूर असा आहे: सदर जागेतील पांगाऱ्याची सात झाडे मी स्वतः ठोकलेल्या खुंट्यांच्या जागी तंतोतंत उभी आहेत, त्यात काडीचाही फरक नाही.

यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. आणखी काही विचारलं तर भाऊ म्हातारा झाला, त्याला आठवत नाही, असं सांग. जास्त लिहवत नाही. कळावे.

तुझा,
दादा


ता. १० फेब्रुवारी

चि. मुंगीस,

कालचं निवेदन कुणालाही दाखवू नकोस. फाडून टाक. घाईत आशीर्वाद लिहायचे राहिले, ते आधी घे, कारण पुढचं वाचून तुला ते नको होतील.

झाडं माझ्या खुंट्यांच्या जागी उभी आहेत हे खरं. पण खुंट्या हद्दीवर नव्हत्या. त्या दिवशी खऱ्या रेषेवर तुमच्या घराच्या विटांचा ढीग होता आणि शेजारी चुन्याचा खड्डा. मोजणीची साखळी त्यावरून नेता येत नव्हती. अशा वेळी आम्ही रेषा तात्पुरती बाजूला सरकवतो, बरोबर समांतर, आणि अडथळा गेला की तेवढंच अंतर परत धरतो. मी आठ फूट मास्तरांच्या बाजूला सरकलो. लोखंडी खुंट्या संपल्या होत्या. कुंपणासाठी तोडून आणलेल्या पांगाऱ्याच्या ओल्या फांद्या तिथे पडल्या होत्या, त्यातल्या सात तासल्या आणि ठोकल्या. शहाणा मोजणीदार ओली फांदी कधी ठोकत नाही, त्यात पांगाऱ्याची, जो मातीला टेकला तरी रुजतो. आठवड्याने विटा उचलल्या की येऊन रेषा परत सरकवायची आणि दगड बसवायचे, असं ठरवून मी गेलो. तिसऱ्या दिवशी बदलीचा हुकूम आला, दोन दिवसांच्या प्रवासावर.

मग तुझं पत्र आलं की दादा, तुझ्या हद्दीला पालवी फुटली. मी ते कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं, सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता हसता मला आठवलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. समक्ष भेटून सांगू असं म्हटलं. समक्ष आलो तेव्हा दोन वर्षं उलटली होती, खोली उभी राहिली होती आणि तू मला मशीनचा पाया दाखवत होतीस. खरी हद्द त्या खोलीतून जात होती. मी चहा प्यायलो आणि परत आलो. पुढच्या वेळीही तेच केलं. तुझे यजमान गेले तेव्हा आलो, तेव्हा मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या त्या रेषेमुळे आम्हा दोन घरांत कधी शब्दाने शब्द वाढला नाही. त्यानंतर माझ्याने तिथे येववलं नाही. गुडघा, पाहुणे, रंगकाम, सगळं खोटं. मला लाज वाटत होती, एवढंच खरं.

मास्तरीणबाईंचे आठ फूट तुझ्याकडे आहेत. बाहेरची मोकळी जागा आणि भिंतीची जाडी सोडली तर खोलीतले पावणेसहा फूट जातात. तुला सव्वाआठ उरतात, आणि मशीन त्या पावणेसहातच आहे. माझ्या वहीत विहिरीच्या काठापासूनचं माप आहे, त्यावरून कुणीही खरी हद्द काढू शकेल. वही रजिस्टरने पाठवतो आहे. इतकी वर्षं वापरात आहे म्हणून जागा तुझीच, असं सांगणारा वकील तुला मिळेलही. ते तुझं तू ठरव. पण सुताराची भिंत पडता कामा नये.

लोभ मागायला तोंड नाही.

दादा


ता. २१ फेब्रुवारी

दादा,

हात होत नाही, पण रीत मोडवत नाही म्हणून लिहिते, सा. न. वि. वि.

तुझं निवेदन तेरा तारखेला आलं. मी आणि मास्तरीणबाई पायात चपला अडकवून तशाच कार्यालयात गेलो आणि देऊन आलो. साहेबांनी शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी तुझं दुसरं पत्र आलं. मी ते मशीनपाशी उभी राहून वाचलं, घडी घातली, दाबाच्या दोन फळ्यांच्या मध्ये ठेवलं आणि वरचं चाक फिरवून आवळून टाकलं. तीन दिवस ते तिथे होतं. तीन दिवस मी तोंडातून अक्षर काढलं नाही. हे तुला मुद्दाम सांगते, घरात भित्रा तू एकटाच आहेस असं समजू नकोस.

पहिल्या दिवशी मी स्वतःला समजावलं की शिक्का बसला, आता माझ्या हातात काय आहे. दुसऱ्या दिवशी सुतार आपल्या भिंतीवरचे पत्रे काढायला लागला. सरकारी माणसं येऊन तोडफोड करण्यापेक्षा आपणच उतरवलेले बरे, असं तो कुणाला तरी सांगत होता. त्याच्या हातोड्याचा आवाज माझ्या खोलीत येत होता. मास्तरीणबाई येऊन माझे आभार मानून गेल्या की तुमच्या भावाने म्हाताऱ्या बाईची लाज राखली. तिसऱ्या दिवशी मी चाळीस वह्या तिरक्या कापल्या. मशीन तेच, पातं तेच, हात माझा. इतक्या वर्षांत माझ्या हातून एक वही तिरकी गेली नव्हती. मग चाक सैल केलं, पत्र काढलं आणि शेजारी गेले.

मास्तरीणबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, पेपर तपासल्यासारखं. एकच विचारलं, मास्तरांना हे ठाऊक होतं का. मी म्हटलं, नसावं. मग त्या रडायला लागल्या. का ते मी विचारलं नाही. नंतर आम्ही दोघी सुताराकडे गेलो आणि मी हात जोडले. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला की ताई, माफीचं राहू द्या, पण ज्या दुकानांत तुम्ही मला चोर म्हणालात त्याच दुकानांत, त्याच आवाजात, चोर नव्हतो असं सांगून या. मी सांगून आले. दुधाचं दुकान, पिठाची गिरणी, कागदाची वखार, इस्त्रीवाला. प्रत्येक ठिकाणी माझा भाऊ चुकला असं म्हणावं लागलं. तिसऱ्या दुकानापासून आवाज नीट निघायला लागला.

निवेदन मागे घेतलं आहे. वही पोचली. सहा मार्चला विहिरीच्या काठापासून नव्याने मोजणी आहे. खोलीचं मी बघेन, ती माझी काळजी. पण तू मला त्या पहिल्या वर्षी सांगितलं असतंस तर चार विटा इकडच्या तिकडे केल्या की झालं असतं. तू ते सांगितलं नाहीस, आणि वर इतकी वर्षं आलाही नाहीस. दर वर्षी मी फुलांची वर्णनं लिहीत बसायची आणि तू तिकडे कागदावरच भिंती रंगवायचास. मला जागेचं दुःख आहे, पण राग याचा आहे.

मोजणीला यायचं असेल तर ये. यायचं नसेल तर गुडघ्याचं लिहू नकोस. लोभाचं काय ते समोर आल्यावर पाहू.

मुंगी


ता. २६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

चार तारखेच्या गाडीने निघतो, पाचला दुपारी पोचतो. गुडघा खरोखरच दुखतो आहे, तोही बरोबर येईल. स्टेशनवर कुणी येऊ नये. आधी सुताराकडे जाईन, मग मास्तरीणबाईंकडे आणि शेवटी तुझ्याकडे. तुझ्याकडे आधी आलो तर तू चहा करशील, मी तो पिईन आणि पुन्हा कच खाईन.

घरात घेशील ना, एवढं कळव. नाही कळवलंस तरी येतो.

तुझा,
दादा


ता. १२ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा सुखरूप आहे, खातोपितो आहे, आणि माझ्या डोक्यावर बसला आहे. तुम्ही काळजी करू नये.

तो ठरल्याप्रमाणे आधी सुताराकडे गेला. काय बोलले ते दोघांपैकी कुणी सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी मोजणीला सुताराने त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. मोजणीला एक तरुण मुलगी आली होती, तिवईवर यंत्र घेऊन. अर्ध्या तासात काम संपलं. साखळी नाही, खुंटी नाही. हद्द निघाली ती झाडांपासून आठ फूट दोन इंचांवर. ते दोन इंच मात्र तुमच्या यजमानांना सोसले नाहीत. आठ म्हणजे आठच, असा तिच्याशी वाद घालायला लागले. ती शांतपणे म्हणाली की काका, चौतीस वर्षांत खोडं जाड झाली, मधोमध कुठे होतं ते झाडालाच विचारा. सगळे हसले. दादाही हसला, आणि मग खुर्चीत बसून त्याने सगळ्यांच्या देखत सांगितलं की चूक माझी होती आणि नंतर ती लपवली हा गुन्हाही माझाच. मास्तरीणबाईंनी त्याला पाणी दिलं.

खोलीची भिंत सुतारच उतरवतो आहे. आठ जणांनी मिळून, खाली ओंडके सरकवत, मशीन पुढच्या खोलीत आणलं. आता मी मशीनशेजारी झोपते. शिवणीचं काम कमी घ्यावं लागेल, मोठी कामं तर बहुतेक सोडावीच लागतील. डॉक्टरने जागा घेतली. दवाखान्याच्या वाटेसाठी रस्त्यापर्यंतची पट्टीही त्याने घेतली, म्हणून झाडं आता त्याच्यात गेली. पाच तोडणार, दोन ठेवणार म्हणतो. सध्या सातही लाल आहेत.

हे सगळं दादाही तुम्हाला लिहू शकला असता. मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तुम्ही मला विचारलं होतंत की भावाबहिणींत काय आहे, आणि मी उत्तर दिलं नव्हतं, कारण मला वाटत होतं की ते मला ठाऊक आहे. हे गेले तेव्हा दादा दुसऱ्या दिवशी पोचला. घर माणसांनी भरलं होतं. तो खिडकीबाहेर झाडांपाशी पाठमोरा उभा होता. मी आतून त्याला ओरडून म्हटलं की माणूस होतं तेव्हा आला नाहीस, आता काय माती मोजायला आलास का. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी तेच त्याचं उत्तर समजले. त्यानंतर तो आला नाही, आणि वहिनी, मी एकोणीस वर्षं त्या वाक्याची शिक्षा भोगते आहे असंच धरून चालले. दर वर्षी फुलांचं निमित्त करून ये म्हणून लिहायची, ती माझी माफी मागायची रीत होती. तो यायचा नाही आणि मी म्हणायचे, बरोबर आहे, मी बोललेच तसं.

परवा दुपारी आम्ही दोघं तावांच्या घड्या घालत बसलो होतो. त्याने त्याचं सगळं सांगून टाकलं होतं, माझंच राहिलं होतं. मी म्हटलं, दादा, त्या दिवशी मी जे बोलले ते विसर. त्याने विचारलं, काय बोललीस? मला वाटलं मला वाचवायला विचारतोय. मग मला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, त्याच्या तोंडावर. त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. तो तेव्हा झाडाकडे बघत मनातल्या मनात आठ फूट मोजत होता.

तो रडला. मी नाही रडले, मला फार राग आला, कुणाचा ते समजेना. मग त्याचा हात धरून बसले. खळ वाळून गेली, नवी करावी लागली.

तुम्ही पुढच्या गाडीने इकडे या. त्याला न्यायला म्हणून येऊ नका, राहायला या. जागा कमी आहे, कुणाला तरी मशीनशेजारी झोपावं लागेल. कळावे. लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता तो समोर बसवून घ्यायचा आहे.

तुमची,
मुंगी